ठिणगीमामाचा डावा डोळा

ठिणगीमामाला सगळे ठिणगीमामाच म्हणायचे, बायकोसुद्धा चिडली की "अहो ठिणगी" म्हणायची. गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या, वेल्डिंग करण्यात अख्खं आयुष्य गेलेलं. आणि वेल्डरचे डोळे म्हणजे कायम लालच, वाळू भरल्यासारखे खुपणार. मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं आणि सकाळी परत कामाला हजर. त्यामुळे डाव्या डोळ्याची पापणी सुजली तेव्हा त्याने काय केलं? बटाटा चिरला. महिने गेले, डोळा पुढे आल्यासारखा दिसायला लागला, तरी बटाटाच.

"बटाटेवाल्याचं घर चालवताय तुम्ही," बायको हसून म्हणायची. आपण हसलो, हे नंतर तिला फार लागलं.

कारण ती गाठ होती. डोळ्याच्या खोबणीतला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच.

डॉक्टरीण म्हणाली, "रेडिएशनने गाठ विरघळेल. पण मागची नस फार दिवस दाबली गेलीय, नजरेची मी खात्री देत नाही."

"काम करता येईल ना?" मामाने एवढंच विचारलं.

"बघू."

गिऱ्हाइकांना जन्मभर "बघू" सांगत आलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळणार नाही होय?

रेडिएशनच्या वेळी जाळीचा मुखवटा तोंडावर घट्ट बसवून टेबलाला अडकवायचे. पहिल्या दिवशी मामाने सवयीने डोळे गच्च मिटले, आता लखकन उजेड पडणार म्हणून. कसलं काय, नुसती घरघर.

मशीनवरची मुलगी आत आली. "झालं, मामा."

"कधी? ठिणगी तर उडाली नाही."

"उडाली असती तर मी पहिली पळाले असते."

मग रोज दोघांचं हेच चालायचं.

गाठ खरंच विरघळली. सूज उतरली, चेहरा पहिल्यासारखा झाला. बायकोने कौतुकाने आरसा आणून हातात दिला. मामाने उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "आरसा कुठे धरलाय मी?"



तरी तो वेल्डिंगच्या दुकानात गेलाच. भागीदार म्हणजे त्याचा मेव्हणा. म्हणाला, "दाजी, एक डोळा पुरतो हो माणसाला."

"पुरतोच. दोन्ही असताना तुझी बहीण केली, काय उपयोग झाला?"

दोघं हसले. मामाने काच तोंडावर ओढली, होल्डर उचलला, रॉड टेकवला. रॉड जोडाच्या शेजारी टेकला. परत टेकवला, परत शेजारीच. लोखंड किती जवळ आहे तेच कळेना. मेव्हण्याने मनगट धरलं आणि हात जोडावर नेऊन ठेवला. तेवढा जोड झाला. मनगट सोडलं की परत बाजूला.

मामाने होल्डर खाली ठेवला. "तू कर."

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दारातूनच तिने विचारलं, "जमलं का हो?"

"न जमायला काय झालं," मामा म्हणाला. "हा बघ, आत्ताच केला."

तिने तो जोड बघितला, पदर तोंडाला लावला आणि किती दिवसांनी मोकळं रडली, बिचारी. मेव्हणा पाठमोरा झाला आणि तोच जोड हातोडीने उगाच ठोकत बसला.