हे गप्प का व्हायचे

"हा स्मृतिभ्रंश नाही. या फिट्स आहेत," न्यूरॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर एका बाजूला माझे यजमान पलंगावर बसलेले दिसत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मेंदूच्या लहरी. मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू फुटलं.

हे सदाशिव पेठेत घरीच गणिताची शिकवणी घ्यायचे. वय बासष्ट. दीड वर्षापूर्वी शिकवता शिकवता मध्येच गप्प होऊ लागले. नजर एका जागी, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलतंय, उजवा हात शर्टाच्या गुंडीशी चाळा करतोय. मिनिटभराने पुन्हा सुरू, पण भलत्याच ओळीपासून. मुलं आधी हसायची. मग पालकांनी एकेक करून मुलं काढून घेतली.

माझ्याशी बोलतानाही तेच. उत्तर टाळायची यांची सवय मला पस्तीस वर्षं ठाऊक होती. "ऐकायचं नसेल तर तसं सांगा, सोंग कशाला?" असं मी म्हणायचे. एकदा तर चिडून खांदे धरून हलवलं.

एका डॉक्टरांनी वयाचा विसराळूपणा म्हणून गोळ्या दिल्या. हे खचले. शिकवणीची पाटी त्यांनी स्वतःच उतरवली. शेवटी मुलीने हट्टाने न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली.

एमआरआयमध्ये विशेष काही निघालं नाही. मग ईईजी सांगितला. मेंदूतल्या पेशींमध्ये सतत अगदी सूक्ष्म वीज खेळत असते, तिचा आलेख म्हणजे ईईजी. तंत्रज्ञ मुलीने टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि चिकट मलम लावून वीस-एक तारा बसवल्या.

"शॉक देणार का?" यांनी विचारलं.

"नाही काका. आम्ही देत काहीच नाही, फक्त घेतो."

डोळे मिटायला सांगितल्यावर डोक्यामागच्या तारांच्या रेघा पडद्यावर एका लयीत डुलू लागल्या. या अल्फा लहरी, शांत जागेपणाच्या, असं तिने सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला.

मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "तेवढ्या वेळात झटका आला नाही, इतकंच यावरून कळतं. आपण व्हिडिओ ईईजी करू." म्हणजे तारा लावून दोन-तीन दिवस दवाखान्यात राहायचं आणि समोर कॅमेरा चालू ठेवायचा. माझ्या हातात एक बटण दिलं. हे गप्प झाले की बटण दाबायचं, हाक मारायची आणि लक्षात ठेवायला एक शब्द सांगायचा.

पहिला दिवस काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेरू चिरत होते. हे मुलीबद्दल काही सांगत होते आणि वाक्य अर्धंच राहिलं. मी बटण दाबलं. "अहो! अहो, ऐकताय ना? पेरू. पेरू लक्षात ठेवा." हे माझ्याकडेच बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते.

हे शुद्धीवर आल्यावर नर्सने विचारलं, "काका, काकूंनी कुठला शब्द सांगितला?"

"कधी?" हे म्हणाले.

तेच चित्रण आता मॅडमच्या पडद्यावर होतं. डाव्या कानशिलाजवळच्या रेघा आधी टोकदार झाल्या, मग त्यांनी एकच ठेका धरला आणि तो शेजारच्या रेघांत पसरत गेला. याला फोकल सीझर म्हणतात. मेंदूच्या एका भागातून झटका सुरू होतो. अंग आखडत नाही, माणूस पडत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. चित्रणात माझा आवाज ऐकू येत होता. मी सोंग म्हणत होते ते हेच होतं.

औषध लागू पडायला वेळ लागला. सुरुवातीला झोप यायची, चिडचिड व्हायची. यांचं स्कूटर चालवणं बंद झालं. गेले पाच महिने एकही झटका नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळचं बरंचसं यांच्या आठवणीतून पुसलं गेलंय, ते बहुधा परत येणार नाही. पण दोन मुली पुन्हा गणिताला येऊ लागल्या आहेत.

तुमच्या घरी कुणी असं थांबत असेल, तर रागावू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. ती तंत्रज्ञ मुलगी आणि मॅडम आम्हाला भेटल्या, हे आमचं भाग्य.

परवा यांना मी सोंगाबद्दल, खांदे हलवल्याबद्दल सगळं सांगितलं. म्हटलं, "मला माफ करा."

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. या वेळी मी त्यांना दिसत होते.

"मला यातलं काही आठवत नाही," हे म्हणाले. "पण तुला आठवतंय ना, म्हणून माफ केलं."