खोडलेला अकरावा प्रश्न

म्मा लेराटो सकाळी आल्या आल्या 'कशी आहेस?' असं विचारायचीच नाही. विचारायची, "कुठे आहेस?" समोर बसलेली दिसत असूनसुद्धा! सेत्स्वानात, म्हणजे तिच्या भाषेत, खुशाली अशीच विचारतात. पहिल्या दिवशी मी भाबडेपणाने म्हणाले, "इथेच की, डार्विनला." टेबल बडवून हसली होती. उत्तर ठरलेलं असतं म्हणे: "मी आहे."

म्मा म्हणजे आई. लेराटोची आई, म्हणून म्मा लेराटो. बोट्स्वानात ती शाळेत शिकवायची. इथे ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमात शिफ्ट करायची. पोर आजीपाशी तिकडेच. आमच्या युनीला, म्हणजे विद्यापीठाला, मनःस्वास्थ्याची प्रश्नावली सेत्स्वानात हवी होती. ती भाषांतर करायची आणि मी प्रोजेक्ट सांभाळायचे.

पण कामात बाई महा हट्टी! मलाही म्माच म्हणायची; तिकडे कुठल्याही बाईला मानाने तसंच म्हणतात. "'उदास वाटतं का?' हा पुस्तकी शब्द झाला, म्मा. आमच्या माणसाला उदास वाटत नाही. त्याचं पेलो दुखतं." पेलो म्हणजे काळीज.

"अगं बाई, मग तो हार्टच्या डॉक्टरकडे जाईल!"

"जाऊ दे. मशीन सांगेल सगळं ठीक आहे. मग तरी तू विचारशील ना, काय झालं?"

तिच्या हट्टापायी मूळच्या दहांच्या जोडीला अकरावा प्रश्न आला: गेल्या महिन्याभरात तुमचं काळीज किती वेळा दुखलं?

पडताळणीसाठी दुसऱ्या भाषांतरकाराने तो पुन्हा इंग्रजीत नेला, तर 'छातीत दुखणे' होऊन आला. फॉर्म मंजूर करणाऱ्या कमिटीने नाकं मुरडली. डेडलाइन मानगुटीवर होती, मी प्रश्न खोडून टाकला. काळीज तुटणं म्हणजे काय, ते मराठी बाईला कुणी शिकवायला हवं होतं का? पण खोडला.

"तुला माणसं समजून घ्यायची आहेत, की फॉर्म संपवायचाय?" तिने विचारलं.

"नो वरीज गं, उरलेले दहा पुरेत," मी म्हणाले. लिहितानाही लाज वाटते.

तयार फॉर्म सर्वांत आधी तिनेच भरून पाहिला. दहाही प्रश्नांना एकच उत्तर, 'कधीच नाही'. "ठणठणीत आहेस की!" मी चिडवलं. ती पर्स उचलून आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या, शिफ्टला गेली.

आठवड्याने वृद्धाश्रमातून फोन आला. म्मा लेराटो धुण्याच्या खोलीत छाती धरून खाली बसली होती. मी गाडी काढून हॉस्पिटलात पोचले, तोवर डॉक्टरांनी तपासलं होतं. हार्टला काहीही झालेलं नव्हतं.

"लेराटो गेली," ती छताकडे बघत म्हणाली. "तापाने. महिना होईल आता. माती देताना फोनवर पाहिलं."

महिना! म्हणजे फॉर्म भरला त्याच्या आधीच. मी ओरडलेच, "अगं, मग लिहिलं का नाहीस? झोपेचं विचारलं होतं, भुकेचं विचारलं होतं!"

"शिफ्टनंतर मेल्यासारखी झोपते. जेवते, नाहीतर म्हाताऱ्यांना उचलणार कशी? आणि उदास? तो शब्द मी जन्मात स्वतःसाठी वापरला नाही. खोटं एकही लिहिलं नाही, म्मा. दुखत होतं तेवढं तू विचारलंच नाहीस."

मला तिचा हात धरायचाही धीर झाला नाही.

ती बोट्स्वानाला गेली ती परतलीच नाही. तिचा नंबर लागत नाही. अकरावा प्रश्न पुन्हा घाला म्हणून मी कमिटीपुढे रडले, भांडले. फॉर्म मंजूर झालाय, आता बदल नाही, असं उत्तर आलं.

मागच्या महिन्यात अहवाल तयार झाला. सेत्स्वाना भाषकांची मनःस्थिती समाधानकारक आहे, असं त्यात लिहिलंय. खाली सही माझी आहे.