आठ फूट जास्तीचा डोंगर

मास्तर शाळेत गेले ते सहावीपर्यंतच, पण शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. एकेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कमरा मोजल्या. दुकान एका जिन्याखाली होतं. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून ते फारसे उभेच राहिले नाहीत. गिऱ्हाईक उंच असलं तर त्यालाच जरा वाकायला सांगून बसल्या बसल्या माप घ्यायचे. त्यामुळे शहरातल्या निम्म्या उंच माणसांचे कोट मागून लांब होते. पण मास्तर बोलायला इतके गोड, की त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही.

शिवाय माणूस सचोटीचा. पँट शिवून बोटभर कापड उरलं, तर तेही पुडीत बांधून परत द्यायचे. लोक घरी जाऊन त्या चिंधीकडे बघत बसायचे.

साठी उलटल्यावर मास्तरांनी जाहीर केलं, की आता डोंगरावर जमीन घ्यायची, छोटं घर बांधायचं आणि लांबवर बघत बसायचं.

"अहो, दुरून डोंगर साजरे असतात," बायको म्हणाली.

"म्हणून तर जवळ जायचंय."

या उत्तराचा राग तिला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी तिने स्वयंपाकघराला मोठी खिडकी हवी, एवढीच अट घातली.

जमीन मिळाली ती शेळ्या पाळणाऱ्या एका आजींची. आजी वरच्या अंगाला एकट्या राहायच्या. मोजणीदार तीन पायांचं यंत्र घेऊन आला, एका डोळ्याने बघितलं, "लांबी ऐंशी फूट" असं कागदावर लिहिलं आणि गेला. सह्या झाल्या. नंतर एका सकाळी मास्तर बायकोला घेऊन घराची आखणी करायला गेले. बरोबर डब्यात उकडलेले बटाटे, दोऱ्याची रिळं, खडू आणि गळ्यात कायमची असलेली साठ इंची टेप.

दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मास्तरांनी आजवर एक शर्ट बेतला नव्हता, मग घर कुठलं बेततात! बायकोला टेपचं टोक धरायला लावून त्यांनी खालच्या दगडापासून वरच्या दगडापर्यंत जमीन मोजली. सतरा वेळा टेप आणि वर तीन फूट. पुन्हा मोजली. पुन्हा तेच. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली.

"अगं, अठ्ठ्याऐंशी भरतेय. आठ फूट परकी जमीन आली आपल्याकडे!"

"आली तर राहू द्या. आपण मागितली होती का?"

"लोकांची चिंधी कधी ठेवली नाही मी, आणि आता डोंगर ठेवू?"

बायकोने कपाळाला हात लावला, तोवर मास्तर धापा टाकत आजींच्या दारात पोहोचलेसुद्धा. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या बाजूचे आठ फूट देताय?"

"तुम्ही म्हणाल त्या."

"मग वरचेच द्या. खालचे घेतले तर माझे गुडघे बोलायचे."

आणि आजींनी तिथल्या तिथे एक बोकड आणून त्या आठ फुटांत खुंटीला बांधला. कागद, सही काही नाही. बोकड बसला म्हणजे ताबा झाला.

मास्तरांना हलकं हलकं वाटलं. मोजणीदाराला फोन करून त्यांनी अभिमानाने त्याची चूक सांगितली. तो शेजारच्याच गावात होता, तासाभरात धावत आला.

"मास्तर, काय करून बसलात! जमीन आडवी धरून मोजतात. चढ मोजत नाहीत."

मास्तरांनी गळ्यातली टेप चाचपली. "म्हणजे चुण्यांच्या झग्याला कापड लागतं तीन वार आणि कंबर असते तीस इंच. तुम्ही कंबर मोजलीत, मी कापड मोजलं."

मोजणीदार थक्क झाला. वीस वर्षं तो आकृत्या काढून लोकांना हेच समजावत होता. त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, पण आठ फूट काही त्याच्याने परत आणवेनात. "तुमचं तोंड, तुमचा शब्द, तुमचा बोकड," असं म्हणून तो गेला.

"जाऊ दे, उरलेलं काय कमी आहे?" म्हणत मास्तरांनी मधोमध दोरा ताणून घर आखलं. ही बैठकीची खोली, ही निजायची, हे स्वयंपाकघर. बायको दोरा ओलांडून आत गेली आणि तिने बटाट्यांचा डबा उघडून स्वयंपाकघरात ठेवला. डबा कलला. पहिला बटाटा निघाला, तो बैठकीच्या खोलीतून निजायच्या खोलीत गेला, मास्तर जिथे पलंग टाकणार होते तिथून उसळला आणि घराबाहेर पडून थेट रस्त्याला लागला. त्याच्यामागून बाकीचे सहा.

"अहो," बायको म्हणाली, "इथे झोपलो तर सकाळी आपण कुठल्या गावात उठणार?"

मास्तरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळ्या जमिनीत सपाट असा एकच तुकडा होता. त्यावर बोकड पाय पसरून, डोळे मिटून रवंथ करत होता.

पुन्हा वर जाणं आलं. या वेळी बायकोही गेली.

"दिलेलं परत मागतात का कुणी?" आजी म्हणाल्या.

"चूक झाली, आजी."

"चूक तुमची. बोकड का उठेल?" आजींनी दोघांकडे नीट बघितलं. "तसा तो म्हातारा झालाय. थंडीत कुडकुडतो. तुम्ही शिवता म्हणे."

मास्तरांचे कान लाल झाले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी न्यायाधीशांचे कोट शिवले होते, नवरदेवांचे शिवले होते. बायको मात्र तोंडाला पदर लावून हसत होती आणि हसता हसता म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक आहे. माप घ्या."

मास्तर बोकडापुढे बसले. छाती साडेतीस. गळा चौदा. कंबर घेताना बोकडाने टेपचं टोक चावून पहिले दोन इंच गिळले, तेव्हापासून मास्तर प्रत्येक मापातून दोन वजा करतात. आठवड्याने राखाडी लोकरीचा, पोटाखाली तीन बटणांचा कोट तयार झाला. अस्तर लावलेलं. उरलेलं कापड पुडीत. आजींनी कोट उलटा करून शिवण ओढून बघितली, बोकडाला चढवला, आणि खुंटी उपटली.

घर पुढच्या उन्हाळ्यात त्या सपाटीवर उभं राहिलं. दोन खोल्या आणि खिडकीचं स्वयंपाकघर, सगळं एका ओळीत. पहिल्याच सकाळी मास्तर लांबवर बघायला खुर्ची टाकून बसले, तर आजी चार शेळ्या दोरीला बांधून फाटकात उभ्या.

"मास्तर, बोकडाचा कोट बघून या चौघी रुसल्यात, चारा खात नाहीत हो."

बायकोने आतूनच ओरडून सांगितलं, "एकेक करून आत सोडा. आणि बाकीच्यांना टेपपासून लांब बसवा."