सूत्रधाराची पोटदुखी

महाडमध्ये फाशांचा तो खेळ आणला वरद शेटेने, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. पुण्यात शिकायला असताना त्याला त्याचा नाद लागला होता. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. एकजण मात्र पात्र घेत नाही. तो बाकीच्यांना राक्षसांच्या नि राजांच्या मुलखातून फिरवतो. समोर काय आलं ते तो सांगतो, आपण काय करणार ते खेळणारे सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ह्या गोष्ट चालवणाऱ्याला ही मंडळी सूत्रधार म्हणत. पहिल्या दिवसापासून सूत्रधार वरदच होता.

खेळणारे तिघे. वरदची बायको श्रिया, शाळेत शिकवणारी. हर्षद, ज्याच्या मेडिकल स्टोअरच्या माळ्यावर औषधांच्या खोक्यांमध्ये रविवारी दुपारी डाव मांडला जाई. आणि उबेद, वरदचा पाचवीपासूनचा मित्र. उबेदचे दोन टँकर औद्योगिक वसाहतीत लागलेले होते. वरद तिथल्याच एका कारखान्यात केमिस्ट होता, त्यामुळे दोघांची गाठ रविवारखेरीजही कुठल्या ना कुठल्या गेटवर पडे.

पहिली मोहीम, म्हणजे एक सलग गोष्ट, दोनेक वर्षं चालली. तिच्यातली सगळी पात्रं वरदनेच करून दिली होती. सगळी राजवंशातली, सगळ्यांना शाप, सगळ्यांची नावं अशी की उच्चारताना जीभ अडखळावी. हर्षद आपल्या योद्ध्याला शेवटपर्यंत "माझा तो" असंच म्हणायचा. ती मोहीम संपली तेव्हा वरदने मोठ्या मनाने जाहीर केलं की ह्या वेळी पात्रं ज्याची त्याने करायची. मनातून त्याला खात्री होती की कुणालाच ते जमणार नाही आणि सगळे त्याच्याकडेच येतील.

श्रियाने चेटकीण केली, हर्षदने धनुर्धारी. उबेद आला तो अर्धा कागद घेऊन. त्याची हौसा नावाची म्हातारी होती. डोक्यावर सुकटीची पाटी, कमरेला चंची. घाट चढून वरच्या गावांत सुकी मासळी विकणारी. तलवार नाही, मंत्र नाही, एका कानाने बहिरी, तेही सोयीप्रमाणे. ती मोहिमेवर का निघाली, असं वरदने विचारलं. उबेद म्हणाला की तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिची वाटही तीच होती.

वरद हसला. पहिल्या लढाईतच ही मरेल, असं त्याला वाटलं.

ती मेली नाही. लढाईच होऊ देईना. नाक्यावरचा पहारेकरी आडवा आला की पाटी खाली ठेवायची आणि म्हणायची, "अरे, ओळखलं नाय काय? मी तुझी आतू." मग उबेद फासा टाकायचा आणि निम्म्या वेळा पहारेकऱ्याला खरोखरच आपली आत्या आठवायची. उरलेल्या वेळा सगळ्यांना पळावं लागे, आणि त्यातच जास्त मजा येई. दोन महिन्यांत अशी वेळ आली की हर्षद दुकानातल्या गिऱ्हाइकाला गोळ्या देताना हौसाच्या आवाजात बोलू लागला. श्रियाने माहेरी फोन करून बहिणीला हौसाचे किस्से सांगितले. वरद आतल्या खोलीत बसून ऐकत होता. इतक्या वर्षांत त्याने रचलेल्या एकाही राजाचं नाव त्या फोनवर कधी गेलं नव्हतं.

त्याच्या पोटात तेव्हा पहिल्यांदा कालवलं. त्याने स्वतःला समजावलं की मोहीम आपली, मुलूख आपला, म्हातारी त्यात फिरते म्हणूनच शोभते. पण एके दिवशी भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार केली तर श्रिया एका कानावर हात ठेवून म्हणाली, "काय म्हणतोस? ऐकू नाय येत." आणि स्वतःच खूप हसली. वरदला जेवण गेलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटाशी उबेदची म्हातारी येऊन बसली होती.

मग वज्रकेतूचा दिवस आला. वज्रकेतू हा मोहिमेतला खलनायक. वरदने त्याच्यासाठी आवाज बसवला होता, कारखान्याच्या बसमध्ये मनातल्या मनात त्याची भाषणं घोकली होती. त्या रविवारी तो अखेर समोर आला. वरद उभा राहिला, आवाज खाली नेला, आणि वज्रकेतूने सगळ्या सृष्टीचा अंत जाहीर केला. उबेदने मान वर केली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "किती वाळलास रे. घरी कोण जेवायला घालीत नाय वाटतं."

हर्षद खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. उबेदने फासा टाकला तर पडले वीस. वीस पडले की अशक्यही शक्य होतं, हा नियम वरदनेच सगळ्यांना शिकवलेला. त्यामुळे सृष्टीचा अंत करायला निघालेल्या वज्रकेतूला मांडी घालून सुकट-भाकरी खावी लागली. त्याने खायची म्हणजे वरदनेच खायची. तो खाण्याचा अभिनय करत राहिला आणि बाकीचे डोळे पुसत राहिले. श्रियाला हसताना श्वास पुरेना. लग्नापासून तिला इतकं हसलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने ठरवलं की म्हातारी मेली पाहिजे.

पुढच्या रविवारी त्याने मंडळींना एका अरुंद वाटेने नेलं. वर कडा, खाली वस्ती, पाऊस लागलेला. वज्रकेतूने कडा फोडला, असं वरदने सांगितलं. झाडं उभीच्या उभी खाली सरकू लागली. आणि हौसा सगळ्यांच्या मागे होती.

उबेदने फाशावरचा हात काढून घेतला.

"वरद, डोंगर नको," तो हळू म्हणाला. "दुसरं काय पण आण. वाघ आण, राक्षस आण."

तळीये गावावर दरड आली त्या जुलैत उबेद पाण्याचे कॅन नि ब्लँकेटं गाडीत भरून तिकडे गेला होता. परतल्यावर कित्येक दिवस तो कुणाशी धड बोलत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वरदलाही ठाऊक होतं. आठवडाभर ही वाट रचताना ते त्याच्या मनात आलं होतं आणि त्याने ते बाजूला सारलं होतं. खेळ हा खेळ, असं तो स्वतःला म्हणाला होता. आता मागे फिरलं तर पुन्हा म्हातारीच जिंकणार, एवढंच त्याला दिसत होतं.

त्याने सूत्रधाराच्या पुठ्ठ्यामागे दरडीच्या बाजूने फासा टाकला. त्या आडोशामागे काय पडतं ते इतरांना दिसत नाही.

"एकोणीस," तो म्हणाला. "दरड हौसाच्या अंगावर आली."

उबेदने समोरचा अर्धा कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला, टँकर भरायला लावायचाय म्हणाला आणि जिना उतरून गेला. घरी दाराचं कुलूप काढताना श्रिया एवढंच म्हणाली, "चार पडले होते. मी तुझ्या बाजूलाच बसले होते."

त्यानंतर रविवार डावाविनाच गेले. वरदला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. पोटातली आग निवाली. पण ते दोन दिवसच टिकलं. मग त्याला भलतंच सुचू लागलं. श्रियाच्या मोबाइलवर मेसेज वाजला की हे तिघं आपल्यावाचून कुठे जमत असतील, असं वाटे. हर्षदच्या दुकानावरून जाताना नजर आपोआप माळ्याच्या खिडकीकडे जाई. खिडकी बंद असे, तरी समाधान होत नसे.

शेवटी पहिली पाळी संपवून तो मोटरसायकलने पोलादपूरला गेला. उबेदचं घर तिथे हायवेपासून आत. आपण माफी मागायला चाललोय असं त्याने स्वतःला कबूल केलं नव्हतं. तुझी म्हातारी खेळाच्या नियमात बसतच नव्हती, हे ऐकवायचं असं ठरवून तो निघाला होता. उबेद घरी नव्हता. त्याची आई शमसुन्निसा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पुढच्या खोलीत कॉटवर असे. लहानपणापासून वरद तिला चाची म्हणे.

तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं, वरदच्या आईची चौकशी केली, आणि मग विचारलं, "त्या हौसाचा पुढं काय झाला रे? उबेद सांगीतच नाय. दर रविवारी यायचा नि सगला सांगायचा. आता म्हणतो, खेळ बंद हाय."

ती तुम्हालाही माहीत आहे होय, वरदने विचारलं.

"माहीत म्हंजे? ती माझी फुफी, बापाची बहीण," म्हातारी म्हणाली. "सुकट घेऊन घाटावर जायची. नाक्यावर कोण अडवला की आपली सांगायची, मी तुझी आतू. निम्म्या सातारा जिल्ह्याची आतू होती ती. तिच्या गोष्टी सांगून सांगून मी ह्याला भरवला लहानपणी."

वरदने कप खाली ठेवला. त्या क्षणीसुद्धा त्याला लाज वाटण्याआधी हेवाच वाटला, हे त्याने पुढे श्रियाला सांगितलं. उबेदने काही रचलंच नव्हतं, त्याला आयती फुफी मिळाली होती. आणि आपल्याला मात्र सगळे राजे मुळापासून रचावे लागले आणि त्यांतल्या एकाचीही वाट कुणाची आई कॉटवर पडून बघत नव्हती.

शमसुन्निसा त्याच्याकडेच बघत होती.

"जिवंत आहे, चाची," तो म्हणाला. "दरडीत सापडली होती. पण वाचली."

उबेद दारात उभा होता. कधी आला ते वरदला कळलं नव्हतं. त्याने आईसमोर काही म्हटलं नाही. वरदला सोडायला बाहेर आला तेव्हा मोटरसायकलवर हात ठेवून म्हणाला, "अम्मीला सांगितलंस, बरं केलंस. पण तिघांसमोर मारलीस ना? तिघांसमोरच सांग."

वरदने सांगितलं. पुढच्या रविवारी माळ्यावर, खाली मान घालून, फासा किती पडला होता ते नि आपण किती म्हणालो ते. हर्षद चिडला, त्याने टाकून बोलून घेतलं. उबेद म्हणाला की हौसा वाचली, पण ती आता गावी गेली. पुन्हा ह्या वाटेला यायची नाही. श्रियाने बराच आग्रह केला तरी तो बधला नाही. मग तिनेच सुचवलं की काही दिवस उबेदने सूत्रधार व्हावं आणि वरदने पात्र करावं.

वरद चार पानं लिहून घेऊन आला. शापित राजपुत्र, मातेचा वध, हरवलेलं खड्ग. उबेदने चारही पानं नीट वाचली. कुठे हसला नाही.

"ह्याला भीती कशाची वाटते?" त्याने विचारलं.

"कशाचीच नाही. निर्भय आहे तो."

"मग मी त्याला घेऊन करू काय?"

वरदने उत्तर शोधलं. राक्षसाची, मरणाची, अंधाराची असं काहीबाही म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी उबेद नुसता थांबून राहिला. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. हर्षद उठून गेला आणि गिऱ्हाईक करून परत आला तरी वरद तसाच बसलेला.

"आपल्यावाचून सगळ्यांचं नीट चालेल, ह्याची," तो अखेर म्हणाला.

श्रियाने त्याच्याकडे पाहिलं. उबेदने पेन उघडलं आणि ते लिहून घेतलं.

राजपुत्र तिथेच संपला. वरदने त्याचा वाटाड्या केला, व्यापाऱ्यांच्या तांड्याला रानातून नेणारा. ह्या लोकांना रस्ता पाठ होईल म्हणून दरवेळी उगाच लांबून नेणारा. हर्षदला तो फार आवडला नाही. श्रियाला बरा वाटला. वरदची पोटदुखी गेली असं मात्र नाही. उबेदने परवाच एक चिडका खानावळवाला उभा केला आणि श्रिया टेबलावर डोकं टेकून हसली, तेव्हा त्याच्या आत पुन्हा ते कालवलं. पण तेवढ्यात वाटेला दोन फाटे फुटले होते आणि हर्षद डावीकडे जाऊ म्हणत होता. वाटाड्या म्हणाला की डावीकडे दलदल आहे. नव्हती, पण म्हणाला, आणि त्यावरून दोघांचं बरंच भांडण झालं.