कोंढ्याचे पुंजणे

नारायण गेला हे मला बाजारात वांगी निवडताना कळलं. सांगणाऱ्याला वाटलं, मला ठाऊकच असेल. पिशवी तिथंच विसरून मी घरी आलो... भंडाऱ्याच्या आगीच्या बंबावर आम्ही सोबत होतो. मी जमादार, तो पाइपावर. बंब एकच, आणि आसपासची खेडीही त्याच्याच भरवशावर. नारायण भारी चिडवायचा. घंटा झाली की मला बूट चढवायला वेळ लागे. "जमादार, तुमचे बूट होईवर आग आपोआपच विझून जाईन," म्हणायचा. मला राग यायचा आणि हसूही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धान कापून झालं होतं. वरठीला स्टेशनाजवळ लाकडाची टाल, म्हणजे वखार, पेटली. ज्वाळा बसत आल्या तेव्हा स्टेशनातला हमाल धावत आला. फोन होता, नारायणच्या गावी, कोंढ्याला, त्याच्या घरचे पुंजणे पेटले. मळणीआधी रचून ठेवलेले धानाचे ढीग ते. घरचं वर्षाचं खाणं आणि पुढचं बियाणं, सगळं त्यातच. हमाल मला सांगत होता, पण ऐकलं नारायणनंही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. हातातली आग पूर्ण थंड झाल्याशिवाय बंब हलवायचा नाही, हा नियम. शिवाय टालीला लागून वस्ती होती. मी नजर चुकवली आणि ओरडलो, "डावीकडे मारा." त्यानं पाइप डावीकडे वळवला.

टाल थंड करून, टाकी भरून कोंढ्याला पोचलो तर खळ्यात राख. लवकर निघालो असतो तरी राखच सापडली असती, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो. आमच्याकडं बंबवाल्यांना गावातून उपाशी धाडत नाहीत. नारायणच्या मायनं त्या दिवशीही चूल पेटवली. आम्ही नको नको करत होतो. "जेवल्याबिगर कसे जाता, बाबू? तुमी तं आले ना," ती म्हणाली. नारायणनं खाकी टोपी काढली, आमच्या हातांवर पाणी घातलं आणि वाढायला लागला. मी खाली मान घालून जेवलो. पुढं कित्येक वर्षं एकाच बंबावर होतो. त्याचं चिडवणं सुटलं नाही, पण तो विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही काढला... भ्यालो होतो, दुसरं काय.

तेरवीला गेलो. पंगती उठल्यावर नारायणच्या बायकोजवळ बसलो.

"वहिनी, त्या दिवशी बंब वळवता आला नसता."

"मले मालूम आहे, भाऊजी. तेही तेच म्हणत. जमादारानं विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, म्हणे." मग त्या म्हणाल्या, "पण विचारलं नाही, म्हणे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. खुंटीवर त्याचा खाकी शर्ट होता, बटणं घासलेली. नोकरी संपली की असा कपडा बंबाच्या ऑफिसात जमा करावा लागतो. मी उठलो, शर्टाला हात लावला.

"वहिनी, राहू देऊ का इथंच?"

"नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नियम आहे तं घेऊन जा."

घेऊन आलो. ऑफिस माझ्या रस्त्यावरच आहे, रोज त्याच्यापुढून जातो. शर्ट अजून माझ्याच घरी आहे.