जेवणानंतरची प्रार्थना

नाना बुधवारी संध्याकाळी गेले. फादर गुरुवारी दुपारच्या गाडीने आले.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मूळचे नगरकडचे, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले. धुळ्यात तेव्हा कॅथलिक घरं अगदी थोडी होती. महिन्यातून एका रविवारी भुसावळहून फादर येत, कुणाच्या तरी ओसरीत मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची उपासना, होई, आणि मग पुढच्या खेपेपर्यंत आमचं आम्हीच चालवायचं. आमच्या घरी ते चालवणं नानांकडे होतं.

प्रार्थनेविषयी ते दवाखान्यातल्या भाषेत बोलत. प्रार्थना चार तऱ्हेच्या: देवाची स्तुती, पापांचा पश्चात्ताप, उपकारांबद्दल आभार आणि मागणं. ‘‘चार बाटल्या आहेत असं समज,’’ ते मला म्हणत. ‘‘तापाच्या माणसाला खोकल्याचं औषध पाजून कसं चालेल?’’ सकाळी उठल्यावर दिवस देवाला वाहायचा. दुपारी दवाखाना बंद करताना देवदूताने येशूच्या आईला, मारियेला, दिलेल्या निरोपाची प्रार्थना. दिवेलागणीला सगळ्यांनी बसून जपमाळ. निजताना दिवसभराचं आठवून पश्चात्ताप. आणि दार धाडकन आपटलं, विंचू दिसला, की येशू-मारियेचं नुसतं नाव घ्यायचं. त्याला ते ‘बिनपाण्याची पुडी’ म्हणत.

आई त्यांची थट्टा करी. ‘‘भाकरी करपली तर कोणती म्हणायची?’’

‘‘पश्चात्तापाची.’’

‘‘कुणी? थापणारीने, का मध्येच चारदा हाक मारणाऱ्याने?’’

नाना मान खाली घालून हसत आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ओढून घेत.

मी व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसले तेव्हा महिनाभर वेगळी जपमाळ म्हटली. पास झाले. निकालाच्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले होते. नाना म्हणाले, ‘‘मागण्याची बाटली तू तळापर्यंत संपवलीस. आभाराच्या बाटलीचं बूचसुद्धा काढलं नाहीस.’’ रागावून नाही, औषध देताना बोलत तसे बोलले.

शेजारी एक अक्का राहायच्या. शेतकऱ्याच्या घरच्या, बोलणं अहिराणी. आमची जपमाळ चालली की त्या ओट्यावर येऊन बसत. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘भाऊ, तुमना देवले बी येळ लागस का? आम्ही तं कव्हय बी हाक मारतस.’’ नाना म्हणाले, ‘‘देवाला नाही लागत, अक्का. ठरलेली वेळ आम्हाला लागते. नाहीतर आम्ही विसरतो.’’ पुढे अक्कांचा नातू तापाने फणफणला. नानांनी आधी औषध दिलं, मग त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि हा क्रम आम्हाला मुद्दाम सांगितला. पोरगं उठून खेळू लागल्यावर अक्का वांग्यांची पाटी घेऊन आल्या. ‘‘आते कोनती?’’

‘‘आता आभाराची.’’

‘‘मंग ती मी म्हनस. तुम्ही वांगा ल्या.’’

त्या रात्री आमच्याकडे भरीत झालं.

नाना आजारी पडले तेव्हा मी जळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. तार आली. चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला पोचले. छातीत न्यूमोनिया होता. त्यांच्याच दवाखान्याचे डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. फादरांनाही तार केली होती, पण ते भुसावळला नव्हते, रावेरकडच्या गावांना गेले होते.

आमच्या धर्मात मरणाऱ्या माणसाजवळ फादर असावेत अशी रीत आहे. ते त्याची पापकबुली ऐकतात, क्षमा देतात, कपाळाला आणि हातांना तेल लावतात. फादर नसतील तर त्या माणसाने मनापासून पश्चात्ताप करायचा. तेवढ्याने निभावतं असं आम्ही लहानपणापासून शिकलो. हे मला शिकवलं नानांनीच. मंगळवारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि थांबत थांबत सांगितलं, ‘‘फादर आले नाहीत तर पश्चात्तापाची प्रार्थना तू माझ्या कानात म्हण. स्पष्ट म्हण. मी मागून म्हणेन.’’

बुधवारी दिवस कलला तेव्हा त्यांचा श्वास बदलला. आईने मेणबत्ती लावली. मी गुडघे टेकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सुरुवात केली. त्यांचे ओठ हलू लागले. मला बरं वाटलं. शब्द ऐकू यावेत म्हणून मी थांबले, तर ते भलतंच काही म्हणत होते. नीट कान दिला. जेवण झाल्यावर ताटावरून उठण्याआधी म्हणतात ती प्रार्थना होती: सर्वशक्तिमान देवा, तुझ्या सर्व उपकारांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझे पहिले दोन-तीन शब्द त्यांनी मागून म्हटले आणि पुन्हा त्याच प्रार्थनेवर गेले.

‘‘आई, ही नव्हे ती,’’ मी म्हणाले.

‘‘मला कळतंय कोणती ती. म्हणू दे त्यांना.’’

मी माझी हळू आवाजात चालू ठेवली, त्यांची त्यांच्या ओठांवर चालली होती. त्यांची पुरी झाली की नाही ते मला सांगता येणार नाही. आवाज आधी गेला, ओठ नंतर थांबले.

गुरुवारी फादर आल्यावर उन्हातच मूठमाती दिली. आई दिवसभर रडली नाही. दुपारी एकदम मला म्हणाली, ‘‘दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. आभार कसले मानत होते गं?’’ तिच्या आवाजात चीड होती. माझ्या मनात दुसरंच होतं. नानांना पश्चात्ताप करायचा होता. त्यांनी तो माझ्याकडून करवून घ्यायला सांगितला होता. तो झाला का?

फादर परत निघाले तेव्हा मी त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला गेले. ते गोव्याचे, वयस्क, मराठी सावकाश बोलणारे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्या प्रार्थनेत शेवटी मेलेल्यांसाठी एक ओळ आहे. तिथपर्यंत पोचले का?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘ग्लानीत माणसाच्या जिभेवर रोजचं येतं. मनात काय असतं ते मला दिसत नाही, तुलाही नाही.’’

‘‘पण फादर, ते तरले का?’’

‘‘मी हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला चर्चने सांगितलंच नसतं.’’ गाडी लागली होती. चढता चढता ते वळले. ‘‘मेलेल्यांसाठीची प्रार्थना नानांनी तुला शिकवली की नाही?’’

शिकवली होती. पण आमच्या घरातलं तोवर कुणी गेलं नव्हतं. आजी-आजोबा मी पाहिले नव्हते. नोव्हेंबरात सगळ्या मृतांसाठी म्हणतात तेव्हा मीही म्हणत असे, कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे न आणता. चार प्रकारांत ती मागण्यातच बसते. तरी परीक्षेसाठी मागणं आणि हे मागणं यांत फरक आहे. त्या मागण्याला निकाल होता. इथे काही कळायचं नाही, आणि मागायचं मात्र थांबवायचं नाही. पहिल्या वर्षी हे मला जड गेलं. दिवेलागणीला बसले की मी देवाशी वाद घालत असे, कोणत्या ओळीवर ते थांबले ते विचारत असे. पुढे वाद कमी झाला. कधी संपला ते लक्षात नाही.

आई आता माझ्याजवळ जळगावला असते. नानांची कबर धुळ्यात आहे. त्यांचं काय झालं हे मला माहीत नाही. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते.