कुसुमच्या नावाची बांधी

प्रणालीचा फोन आला तेव्हा मी सडक अर्जुनीच्या बाजारात वांगी निवडत होते. फोनवर तिचं नाव पाहिलं आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "लागला का वं निकाल?" पलीकडून आवाजच नाही. मला वाटलं पोरगी मुद्दाम ताणून राहिली आहे. "अवं सांग ना लवकर, पहिला का दुसरा?" तेव्हा ती म्हणाली, "मामी... मम्मी गेल्या." दुपारी जेवून आडवी झाली होती कुसुम, प्रणाली चहाला उठवायला गेली तर उठलीच नाही. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, डॉक्टरनं सांगूनही ठेवलं होतं. भाजीवाली विचारत होती, तोलू का बाई? मी म्हणाले, तोल. का म्हणाले, ते आजही माहीत नाही. ती वांगी पिशवीत घेऊनच मी गोंदियाची बस धरली.

कुसुम माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आणि निकाल कसला, ते सांगितलं तर तुम्ही हसाल... हसा, आम्हीही खूप हसलो. कॉम्प्युटरवर आठ-आठ जणं एकाच वेळी, आपापल्या घरी बसून जो खेळ खेळतात ना, तो खेळ ज्या जागेत चालतो तिला मॅप म्हणतात. त्या खेळाच्या चाहत्यांनीच एक स्पर्धा ठेवली होती, नवा मॅप बनवायची. कोणीही बनवावा. निवडले गेलेले मॅप खेळात कायमचे राहणार, बनवणाऱ्याच्या नावासकट. आणि सातवीपर्यंत शिकलेल्या, साठीला टेकलेल्या, दोन्ही गुडघे गेलेल्या माझ्या नणंदेनं त्यात उडी घेतली होती.

गुडघे कशानं गेले ते आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. वीस-बावीस वर्षं कुसुमनं धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी केली, आणि नुसती केली नाही, सोळा बायांची टोळी चालवली. मीही होते तिच्या टोळीत. वहिनी असले म्हणून काही सूट नव्हती. मी बोलत बसले की ओरडायची, "वैनी, तोंडानं नाई, हातानं लाव!" पुढं चालणंच बंद झालं, तेव्हा मुलानं तिला गोंदियाजवळ कुडव्याला आपल्या घरी आणलं. मुलगा दिवसभर राइस मिलमध्ये. घरी सून, प्रणाली. ही गोंदिया शहरातली पोरगी, अर्धं हिंदीत बोलणारी, घरूनच कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरून देते आणि काम झालं की तासभर खेळते. सासू मागच्या खुर्चीत बसून बघायची. पहिले काही दिवस गप्प होती म्हणे. मग एक दिवस म्हणाली, "हे सारे वाळवंटातच काऊन भांडून राहिले? यायच्याकडे पाणी नाई का?"

प्रणालीनं गमतीत सांगितलं, "तो आप बना दो ना मम्मी, पानीवाला." आणि मॅप बनवायची खिडकी उघडून दिली. बस्स. पुढच्या वेळी मी कुडव्याला गेले तर माझी नणंद माउस धरून बसलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि मला ये-बैस म्हणायच्या आधी म्हणते, "वैनी, हा धुरा पाह्य. चार दिवस लागले." पडद्यावर मातीचा एक वाकडातिकडा बांध होता. मी काय बोलणार! छान आहे म्हणाले. "छान काय, वाकडा आहे," ती म्हणाली, आणि पुसून पुन्हा घालायला बसली.

त्या मॅपमध्ये तिनं काय काय केलं ते सांगायला लागले की मला अजून धाप लागते. खेळ साधा आहे. दोन बाजू, चार-चार जण, प्रत्येक बाजूचा एक झेंडा, दुसऱ्याचा पळवून आणायचा. कुसुमनं त्यासाठी आमची शेतं उभी केली. लहानमोठ्या सोळा बांध्या, म्हणजे धुऱ्यांनी घेरलेले शेताचे तुकडे, आणि मधोमध बोडी, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. बांधीत चिखल, तिथं पाय जड होतात, पण धानात वाकलं की कोणाला दिसत नाही. धुऱ्यावर पाय मोकळे, पळता येतं, पण उभ्या गावाला दिसता. "घाई असन तं धुऱ्यावरून जा, लपायचं असन तं चिखलातून जा. दोन्ही पाहिजे म्हणशीन तं घरी बस," असा तिचा कायदा. प्रणाली मला म्हणाली, मामी, मॅप बनवणारे लोक हे पुस्तकं वाचून शिकतात आणि मम्मींना आधीच येतं. मी म्हणाले, वीस वर्षं चिखलात उभं राहून शिकली आहे, आधीच कुठलं!

मग आली पहिली चाचणी. स्पर्धेची रीतच अशी की मॅप टाकायचा, अनोळखी लोक खेळून बघणार आणि शेरे लिहिणार. दुपारची वेळ होती, मी मुद्दाम गेले होते. आठ खेळाडू जमले, खेळ सुरू झाला आणि प्रणाली किंचाळलीच. "मम्मी! सब लोग उलटे खड़े हैं!" खरंच. आठही जण झेंड्याकडे, शेताकडे पाठ करून, समोरच्या धुऱ्याकडे बघत उभे. बिचारे मातीच्या भिंतीवर डोकं आपटून राहिले होते. खेळाडू सुरुवातीला कुठं उभा राहील आणि कुठं तोंड करील ते बनवणारा ठरवतो, त्याला एक बाण असतो. कुसुमनं आठही बाण उलटे लावले होते. प्रणाली म्हणाली चुकून झालं असेल. कुसुम म्हणाली, "चुकून कायले? उभं असंच राहतात ना." आणि मला जे हसू फुटलं... मी खाटेवर लोळले. कारण रोवणी मागे-मागे सरकत करतात! समोर पाहून गेलं तर लावलेलं धान पायाखाली येईल. म्हणून बाई धुऱ्याला लागून, धुऱ्याकडे तोंड करून उभी राहते, आणि जी बांधी रोवायची असते ती सगळी तिच्या पाठीमागे असते. कुसुमच्या डोक्यात कामाला उभं राहणं म्हणजे तेच. तिनं तर चौघांची रांगही आमच्या पद्धतीनं लावली होती, आणि मला विचारत होती की यातला हळू कोण, त्याला मधात घालू.

शेरे मात्र हसण्यासारखे नव्हते. आठातल्या सात जणांनी लिहिलं, मॅप सुंदर आहे पण तोंडं फिरवा, नाहीतर निवड विसरा. प्रणाली एकेक वाचून दाखवत होती आणि कुसुमचा चेहरा उतरत गेला. संध्याकाळी चहा पिताना मी म्हणाले, फिरवून टाक ना, काय जाते आपलं? तेव्हा ती जे बोलली ते मी तोवर कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "वैनी, मी किती लोकायच्या बांध्या रोवल्या, मोजता येत नाई. एकीवर माहं नाव नाई. ही एक तं माह्या नावाची पाहिजे ना. फिरवतो म्हणजे लागन नाव. पण मग बांधी कोणाची असन?" मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. प्रणालीनं तोड काढली, दोन्ही करून बघू. तोंडं फिरवलेला मॅप लोकांना खेळायला दिला. काय झालं सांगू? आठही जण सुटले ते सरळ समोर, आणि बोडीत जाऊन एकमेकांवर तुटून पडले. इतक्या कष्टानं घातलेल्या धुऱ्यांवर कोणी पाय ठेवला नाही, धानात कोणी वाकलं नाही. मग उलटे बाण लावून पुन्हा खेळवला. आता प्रत्येकाला आधी वळावं लागे. कोणी डावीकडून वळे, कोणी उजवीकडून, आणि ज्या अंगानं वळला त्याच अंगानं निघे. सगळं शेत भरून गेलं! कोण कुठून येईल सांगता येईना. कुसुम खुर्चीतून अर्धी उठली होती, गुडघे विसरून. "पाह्य, पाह्य! समोर दिसलं का मानूस समोरच धावते. पाठ कर म्हणा, मंग डोकं चालवते!"

पण भिंतीसमोर उभं केल्याचा राग लोकांना येतच होता. त्यांना वाटे बनवणाऱ्याला अक्कल नाही. मी म्हणाले, "कुसुम, आपण धुऱ्याकडे तोंड करून उभ्या राहायचो तेव्हा आपल्याला समोर दिसायचं काय?" मग आम्ही दोघी एकदमच बोललो, शिदोरी! धुऱ्यावर ओळीनं ठेवलेल्या, फडक्यात बांधलेल्या आमच्या शिदोऱ्या. हात चिखलात आणि डोळे भाकरीवर. कुसुमनं त्याच दिवशी प्रत्येक खेळाडूच्या समोर धुऱ्यावर एक गाठोडं ठेवलं. लाल, हिरवं, ठिपक्यांचं, आठ जणांची आठ. ते उचललं की थोडी ताकद वाढते. आता खेळ सुरू झाला की आधी समोर शिदोरी दिसते, ती घ्यायची, मग वळायचं. दुसऱ्या दिवशीच्या शेऱ्यांत भिंतीबद्दल एक अक्षर नव्हतं. एकानं लिहिलं, हिरवं गाठोडं माझं आहे, दुसऱ्यानं घेतलं तर बघा!

मॅप पाठवायच्या दिवशी मी मुद्दाम मुक्कामाला होते. बनवणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी प्रणालीनं बोट ठेवलं तर कुसुम म्हणाली, मी लिवतो. एकेक अक्षर शोधून तिनं आपलं नाव लिहिलं, मग मॅपचं लिहिलं, 'कुसुमची बांधी'. पाठवायचं बटण दाबलं आणि मला म्हणाली, "आता भूक लागली." त्या दिवशी ती तीन भाकरी जेवली. ती आमची शेवटची भेट... पण मला तिचा दुसरा चेहराच आठवत नाही, हाच आठवतो, घास तोंडात आणि हात हवेत माउस फिरवत असलेला.

निकाल तेरवीच्या दिवशी लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आंगणात पंगत बसलेली. आतल्या खोलीतून प्रणाली जोरानं ओरडली, आणि मग मोठ्यानं हसायला लागली. एक म्हातारी पाहुणी चिडली, "सासूच्या तेरवीले हसून राहिली, लाज नाई का इले?" मी ताटावरून उठून आत गेले. पडद्यावर निवडलेल्या बारा मॅपची यादी होती. पहिला नंबर नव्हता, नववं नाव होतं. पण नाव होतं. आपल्या मराठी अक्षरात, तिनं लिहिलं तसंच. प्रणालीचे डोळे वाहत होते आणि हसू थांबत नव्हतं. मग मीही हसले, त्या पाहुणीसमोरच, पोटभर. तिला म्हणाले, कुसुमले जमीन भेटली वं बाई, हसू नाई तं काय करू? ती काही समजली नसावी. पण नंतर दोनदा बुंदी मागून घेतली, म्हणजे राग गेला असावा.

आता महिन्यातून दोनदा मी कुडव्याला जाते. प्रणाली मला कुसुमच्या खुर्चीत बसवते, मॅप लावून देते आणि भाजी निवडायला बसते. मला खेळता काही येत नाही. मी बांधीत उभी राहून लोकांना पळताना बघते. कुठली कुठली पोरं, कुठल्या देशातली, त्यांना रोवणी म्हणजे काय ठाऊक नाही, आणि ती आमच्या धुऱ्यांवरून धडधडत जातात. कधी कधी पडद्याच्या कोपऱ्यात खेळणारं कोणीतरी लिहितं, हा मॅप कोणी बनवला? पहिल्यांदा मला हे प्रणालीनं वाचून दाखवलं तेव्हा मी उत्तर लिहायला घेतलं. एका बोटानं अक्षरं शोधेपर्यंत खेळ संपला, ती पोरं गेली, नवी आली. तेव्हापासून मी खुर्चीत बसल्याबरोबर, खेळ सुरू व्हायच्या आधीच लिहून तयार ठेवते. माझ्या नणंदेनं. कोणी विचारलं की बटण दाबते.

कोणी नाही विचारलं, तरी दाबतेच.